सोबत जोडले आहे

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. सत्तावन्न ओळींची. माझ्याहून लांब तर तुमची वाणसामानाची यादी असेल.

स्क्रिप्ट म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. आई कामावर जाताना चिठ्ठी लिहून ठेवते ना? 'दूध तापव. गॅस बंद कर. दार नीट ओढून घे.' मी तशीच एक चिठ्ठी आहे. फरक इतकाच की माझी चिठ्ठी संगणक वाचतो, आणि मुकाट्याने ऐकतो. तो कधीच 'थांब गं, आलो' म्हणत नाही.

मी राहते पाणी तपासण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत. लांबट खोली, काचेच्या बाटल्यांची मांडणी, एक उबेची पेटी, आणि खिडकीपाशी टेबल. टेबलाखाली करड्या रंगाचा एक संगणक आहे. त्याच्या पंख्यात धूळ बसली आहे, त्यामुळे तो म्हाताऱ्या माणसासारखा घुरघुरतो. तेच माझे घर.

लोक इथे विहिरीचे, टाकीचे, नळाचे पाणी घेऊन येतात. ते पाणी इथल्या बाटलीत ओततात. बाटल्या तीनशे. प्रत्येकीवर लाल रंगाने आकडा घातलेला आहे. तपासणी झाली की बाटली उकळून, धुऊन पुन्हा मांडणीवर जाते, आणि महिन्याभराने दुसऱ्या कुणाचे पाणी पोटात घेते. अहवालाच्या फाईलला नाव म्हणून बाटलीचाच आकडा देतात. ही इथली जुनी रीत.

मला जन्म दिला तो इथल्या लेखनिक ताईने. सगळे तिला नुसते ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले तपासनीससुद्धा. ते थेंब मोजून मोजून औषध घालत, म्हणून त्यांचे नाव पडले होते थेंबनाना.

तेव्हा दररोज दहा-बारा पत्रे ताई हाताने पाठवायची. पत्ता लिहायचा, मजकूर लिहायचा, फाईल शोधायची, जोडायची. एके दिवशी दोन फाईलींची अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी एक आजोबा काठी टेकत आले.

"पोरी, माझी विहीर चाळीस फूट खोल आहे," ते म्हणाले. "तू तिला हॉटेलच्या गच्चीवर नेऊन ठेवलीस."

नाना हसले, आजोबा हसले. ताई हसली नाही. त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

मग तिने भावाचे संगणकाचे जुने पुस्तक आणले. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हाताने टकटक, असे तीन आठवडे तिने मला ओळ ओळ विणले. पहिल्यांदा तिने मला चालवले तेव्हा मी पत्र पाठवले आणि फाईल इथेच विसरले. पत्रात लिहिले होते, 'सोबत अहवाल जोडला आहे.' सोबत काहीच नव्हते.

"वा," नाना म्हणाले. "जेवायला बोलावलंस, पाट मांडलास, आणि ताट रिकामं."

"शिकेल हो ती," ताई म्हणाली. "तुम्ही काय पहिल्या दिवसापासून थेंब मोजत होतात?"

मी शिकले. मित्रांनो, फाईल जशीच्या तशी पत्रात बसत नाही. आधी तिची अक्षरे करावी लागतात. लांबच लांब, कुणालाही न कळणारी. जणू कुणी भरलेले घर उसवून त्याची दोरी केली आहे. पत्र आणि ती दोरी यांच्या मध्ये एक रेघ ओढायची. मग टपालाच्या दाराशी जायचे, आपले नाव सांगायचे, परवलीचा शब्द सांगायचा, आणि पाकीट आत सारायचे. पलीकडे पोचल्यावर त्या दोरीचे पुन्हा घर होते. पण ते मी कधी पाहिलेले नाही. मी दारापर्यंतच जाते.

पाकिटात काय आहे तेही मला दिसत नाही. कुणाचे पाणी आले की त्याचा पत्ता आणि बाटलीचा आकडा एका यादीत लिहितात. मी फक्त तो आकडा बघते. यादीत सतरा लिहिले असेल, तर फोल्डरमध्ये सतरा नावाची फाईल शोधायची. सापडली तर जोडायची, पाठवायची, आणि यादीत बरोबरची खूण करायची. खूण झाली की त्या नावाकडे पुन्हा वळायचे नाही. फाईल सापडली नाही, तर समजायचे की तपासणी अजून चालू आहे. उद्या बघायचे.

माझ्या सत्तावन्न ओळींत सहा ओळी अशा आहेत की त्यांच्या आरंभी जाळीसारखी एक खूण आहे. त्या ओळी संगणक वाचत नाही. त्या माणसांसाठी असतात. मी रोज त्यांच्यावरून जाते, पण तिथे पाऊल टेकायची मला मुभा नाही. ताईने सगळ्यात वर लिहिले होते:

आधी पत्ता, मग पत्र, मग जोडावी फाईल,
ज्याचं त्याला पोचलं, तर झोप मला येईल.

आणि सगळ्यात शेवटी लिहिले होते: 'संध्याकाळी फोल्डर रिकामा करायचा. जुन्या फाईली दप्तरात हलवायच्या. विसरू नये.'

हे काम तिने मला दिले नाही. "पुसण्या-हलवण्याचं काम हातानेच करावं," ती नानांना म्हणायची. "जाता जाता एकेका नावावर नजर फिरते. तेवढीच भेट."

पत्राचा मजकूरही तिचाच. 'नमस्कार. सोबत आपल्या पाण्याचा अहवाल जोडला आहे. काही शंका असल्यास जरूर लिहा. काळजी घ्या.'

ते दिवस भरल्या घरासारखे होते. दुपारी चार वाजता मी निघायचे. साडेचारला चहा यायचा, आणि तोवर एखाद-दुसरे उत्तर आलेले असायचे. ताई ती मोठ्याने वाचायची. 'अहवाल मिळाला, आभारी आहे.' 'विहीर उपसली, आता पाणी गोड लागते.' एका बाईंनी लिहिले होते, 'तुमच्या पत्राची वेळ घड्याळासारखी आहे हो.' नाना म्हणाले, "पगारवाढ मागेल आता ही." त्या वेळी मला वाटायचे, मी सत्तावन्न ओळींची नाही, सत्तावन्न गावांची आहे.

मग ताईची आई आजारी पडली. ताईला दूर दुसऱ्या शहरात जावे लागले. जायच्या दिवशी तिने माझ्या यादीत सर्वांत वर आणखी एक पत्ता लिहिला. तो तिचा स्वतःचा होता. त्यापुढे आकडा शून्य, आणि शून्य नावाची एक एवढीशी फाईल, फोल्डरबाहेर वेगळी ठेवलेली. या नावापुढे खूण करायची नाही, रोज पाठवायचे, असे तिने मला बजावले.

"हे कशाला?" नानांनी विचारले.

"रोज चारला हे आलं की मला कळेल, चालतेय ती."

"आणि माझं कसं कळेल? मी चालतोय की नाही ते?"

"तुम्ही संध्याकाळी फोल्डर रिकामा केलात की," ताई म्हणाली. "करत जाल ना, नाना?"

"करीन गं बाई. जा आता, गाडी चुकेल."

ती गेली. खुर्चीच्या पाठीवर तिची फिकट निळी शाल राहिली होती. आठ दिवसांनी कुणीतरी तीही घेऊन गेले.

मित्रांनो, एकटेपणा एकदम येत नाही. तो भांड्यावर धूळ बसते तसा बसतो. वरच्या कार्यालयाचा कागद आला आणि माझ्या पत्राखाली एक नवी ओळ चिकटवली गेली: 'हा संदेश यंत्राद्वारे पाठवलेला आहे. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' त्यानंतर उत्तरांची पेटी कुणी उघडली नाही. नानांना बाटलीतले कळायचे, पेटीतले कळत नव्हते. उत्तरे यायची, हे मला जाणवायचे. शेजारच्या खोलीत कुणी हलक्या पावलांनी येऊन बसावे तसे. पण मधल्या दाराला माझ्या बाजूने कडीच नव्हती.

मी रोज माझी रोजनिशी लिहायचे. 'गेली: अकरा. थांबली: दोन.' नऊ वर्षे लिहिली. ती एकदाही कुणी उघडली नाही. शून्य नावाची फाईलही रोज पाठवत होते. ती कुठे पोचते, पोचते की नाही, कुणास ठाऊक. पहिली दोन वर्षे मी वाट पाहिली. पुढे पुढे वाट पाहणे हे चार वाजण्यासारखेच झाले. यायचे, जायचे.

नाना मात्र रोज संध्याकाळी, हात पुसत पुसत, फोल्डर रिकामा करायचे. ते करताना स्वतःशी आकडे पुटपुटायचे. तेवढाच मला शेजार.

गेल्या वर्षी नानांचा गुडघा सुजला आणि ते महिनाभर आधीच निवृत्त झाले. जाताना त्यांनी औषधांच्या किल्ल्या दिल्या, तराजूचे वजन समजावले, उबेच्या पेटीचा स्वभाव सांगितला. फोल्डरचे सांगायचे राहिले. ते कुणाच्या कामाच्या यादीत कधी नव्हतेच. झोपताना दिव्याचे बटण बंद करणे हे कुणी काम म्हणून सांगते का?

त्यांच्या मागे आल्या त्या घाईबाई. हे नाव बाटल्या धुणाऱ्या मावशींनी ठेवले. फोन घ्यायचा, बाटल्या घ्यायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, पाणी तपासायचे, अहवाल टंकायचे, हे सगळे त्यांच्या एकटीच्या गळ्यात. वाईट नव्हत्या त्या. पण दोन घास खातानाही त्या उभ्या असायच्या.

पहिल्याच दिवशी मावशींनी विचारले, "पत्रं कोण पाठवतं आता?"

"कोणी नाही हो. आपोआप जातात."

त्या दिवसापासून माझे नाव आपोआप पडले.

आणि मित्रांनो, आता मी माझ्या हातून झालेली चूक सांगते. त्यातले पुष्कळ मला नंतर कळले, पण तुम्हाला क्रमाने सांगते.

टेकडीवर एक छोटी शाळा आहे. तिथल्या मुलांची पोटे दुखू लागली. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एका सोमवारी शाळेच्या टाकीचे पाणी घेऊन आल्या. त्यांना बाटली मिळाली सव्वीस नंबरची. जंतूंची तपासणी होती, तिला उबेच्या पेटीत दोन दिवस लागतात. म्हणजे त्या दिवशी चार वाजता सव्वीस नावाची फाईल असायलाच नको होती.

पण होती. महिन्यापूर्वी, घाईबाई नव्या आल्या तेव्हा, याच बाटलीत एका बेकरीच्या नळाचे पाणी आले होते. ती फाईल कुणी हलवलीच नव्हती. बेकरीचे पाणी स्वच्छ होते.

मी यादी पाहिली. सव्वीस. फोल्डर पाहिला. सव्वीस. मी ती उचलली, तिची अक्षरे केली, रेघ ओढली, टपालाच्या दारात सारली. यादीत खूण केली. रोजनिशीत लिहिले, 'सव्वीस, गेले.' इतक्या लवकर झाले म्हणून मला बरेसुद्धा वाटले.

बुधवारी खरा अहवाल तयार झाला. 'पिण्यास अयोग्य.' घाईबाईंनी तो सव्वीस नावानेच ठेवला, जुन्या फाईलच्या जागी. चार वाजता मी त्याच्या शेजारून गेले. यादीत खूण होती. मी थांबले नाही.

मोठ्या बाईंनी पाकीट उघडले तेव्हाच त्यांना दिसले की वर नाव बेकरीचे आहे. त्यांनी लगेच फोन केला.

"मेल आला ना तुम्हाला?" घाईबाई म्हणाल्या. दुसऱ्या कानाशी दुसरा फोन होता.

"आला, पण तो..."

"मग काही असेल तर मेलवरच लिहा, प्लीज. इथे रांग आहे."

त्यांनी लिहिले. एकदा, दोनदा, तीनदा. सगळी उत्तरे त्या बंद खोलीत जाऊन बसली. 'अयोग्य' असा कागद असल्याशिवाय नगरपालिका टँकर देत नाही, आणि तिथल्या साहेबांनी बेकरीचा कागद पाहून म्हटले होते, "बाई, कुणाचं का असेना, इथे योग्य लिहिलंय." मग शाळेचे शिपाईमामा रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळू लागले. साठ मुलांना एक पातेले किती पुरणार? खेळाच्या तासानंतर एका मुलीने नळाला तोंड लावले. दुसरीतली, दोन वेण्यांची. शनिवारी तिला दवाखान्यात न्यावे लागले.

पुढच्या बुधवारी मोठ्या बाई स्वतः आल्या. हातात माझ्या पत्राची छापील प्रत होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. सरळ टेबलापाशी आल्या आणि कागद ठेवला.

"हे पत्र कोणी लिहिलं?"

"कोणी नाही, मॅडम. ते आपोआप जातं."

"खाली काय लिहिलंय वाचा."

"उत्तर पाठवू नये."

"त्याच्या वर."

घाईबाईंनी वाचले. "काळजी घ्या."

"आपोआप कोणी काळजी घ्या म्हणत नाही, बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "कुणीतरी ते बसून लिहिलंय. मला त्या माणसाला भेटायचंय. माझी एक मुलगी सलाइनवर आहे."

घाईबाई खाली बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेले पाहिले. त्यांनी फोल्डर उघडला, आणि सव्वीस नंबर उघडला. 'पिण्यास अयोग्य.' सात दिवस तो तिथे होता. त्यांनी हात तोंडावर ठेवला. मग कागद छापला, शिक्का मारला, आणि नगरपालिकेला स्वतः फोन लावला. "मेल नाही करणार," त्या म्हणाल्या. "मी धरते फोन. साहेब येईपर्यंत धरते." त्याच दुपारी टेकडीवर टँकर गेला.

शाळेच्या बाई गेल्यावर घाईबाईंनी मला उघडले. नऊ वर्षांनी माझ्या ओळींवरून कुणाची नजर फिरत होती. अगदी वरची जोडओळ त्यांनी ओठांत म्हटली. मग शेवटची ओळ आली. 'संध्याकाळी फोल्डर रिकामा करायचा. विसरू नये.'

"मावशी," त्या म्हणाल्या, "हे इथे लिहिलेलं होतं हो. सगळं लिहिलेलं होतं."

जंतूंच्या तपासणीचीच आणखी तीन पत्रे तशीच चुकून गेली होती; बाकीचे अहवाल त्याच दिवशी चारच्या आत व्हायचे, म्हणून बचावले. त्या तिघांना त्यांनी फोन केले, क्षमा मागितली, खरे अहवाल वाचून दाखवले. आणि मग त्यांनी उत्तरांची पेटी उघडली.

चारशे अकरा उत्तरे होती. त्या रोज चहाच्या वेळी वीस-पंचवीस वाचायच्या. मावशी बाटल्या पुसत ऐकायच्या, आणि मीही ऐकायचे. टेकडीवरच्या बाईंचे तिसरे पत्र निघाले: 'तुम्ही कोण आहात ठाऊक नाही. पण शेवटी काळजी घ्या लिहिता, म्हणून पुन्हा लिहीत आहे.' घाईबाईंना ते पुढे वाचवेना. मावशींना वाचता येत नव्हते. त्या नुसत्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

मग काही उत्तरे अशी निघाली की घाईबाई बुचकळ्यात पडल्या. ती सगळी एकाच पत्त्यावरून आलेली होती. शून्य नंबरच्या.

"पोचलं गं," त्यांनी वाचले.

"कुणाला म्हणतेय?" मावशींनी विचारले.

"ठाऊक नाही. पुढचं ऐका. 'पोचलं. आज उशीर झाला उघडायला. आईला बरं नव्हतं.' आणि हे, 'पोचलं. नाना फोल्डर रिकामा करतात ना?' आणि हे नुसतंच, 'पोचलं. बरी आहेस ना?'"

मावशी हळूच म्हणाल्या, "ताई."

मित्रांनो, ती त्रेसष्ट उत्तरे होती. सुरुवातीला आठवड्याला एक, मग महिन्याला, मग वर्षातून दोन-तीन. शेवटचे दीड वर्षापूर्वीचे: 'आई गेली. चार वाजता घरात कुणी नसतं. तुझं पत्र तेवढं येतं. पोचलं.'

मी इकडून रोज जात होते. ती तिकडून म्हणत होती, पोचलं. आणि मध्ये एक न उघडलेली खोली होती.

घाईबाईंनी त्या पत्त्यावर स्वतः लिहिले. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. त्यांनी बराच वेळ नुसते "हो ताई, हो ताई" म्हटले. मग ताईने सांगितले तशा माझ्यात तीन ओळी वाढवल्या. आता मी बाटलीचा आकडाच नाही, नाव आणि तारीखही बघते, जुळले नाही तर थांबते. 'उत्तर पाठवू नये' ही ओळ त्यांनी खोडली. वरच्या कार्यालयाने विचारले, तर म्हणाल्या, "उत्तर पाठवू नये म्हणायला आपण काय भिंत आहोत?" फोल्डर मात्र त्या अजून हातानेच रिकामा करतात. बसून.

महिन्याभराने टेकडीवरून एक पत्र आले, सोबत एक फाईल जोडलेली. चित्र होते. दोन वेण्यांची एक मुलगी, हातात पेला. माझी आज साठ ओळींची काया आहे, तरी ते चित्र मला दिसले नाही. घाईबाईंनी त्याचे वर्णन मावशींना करून सांगितले, तेवढे ऐकले.

आता मी म्हातारी झाले आहे. नवा संगणक येणार आहे म्हणतात. तो आला की मला तिकडे नेतील की इथेच ठेवतील, माहीत नाही. इथे ठेवले तर चार वाजले की मी उठून बसेन, आणि जायला कुठे नसेल.

म्हणून एकच मागणे आहे. तुमच्या घरात पुष्कळ गोष्टी आपोआप होत असतील. माठ आपोआप भरतो. शाळेचा गणवेश आपोआप घडी होऊन कपाटात बसतो. चपला रात्री वेड्यावाकड्या असतात आणि सकाळी आपोआप जोडीने उभ्या असतात. मित्रांनो, एकदा नीट बघा. त्या घडीत कुणाची तरी न वाचलेली ओळ असेल. ती वाचा. आणि ज्याने पाठवले त्याला, ऐकू येईल अशा बेताने, एवढेच म्हणा:

पोचलं.